सिफनोसचा थांबा

"पाच मिनिटं पन्नास सेकंद!" मनगटावरच्या घड्याळावरून मान वर करत बाबा म्हणाले. "दोनेकशे माणूस उतरलं, तेवढंच चढलं, चौदा गाड्या बाहेर, सतरा आत. आणि कुणी कुणाच्या अंगावर ओरडलं नाय. वैजू, आमच्या संगमेश्वर स्टँडवर एवढ्या वेळात गाडी कुठल्या फलाटाला लागणार तेच ठरत नाय गो."

आमची बोट सेरिफोस बेटावरून सुटली होती. मागे उघडाबोडका तपकिरी डोंगर, त्याच्या माथ्यावर सांडलेल्या तांदळांसारखी पांढरी घरं, आणि खाली नीळ रात्रभर भिजत घातल्यासारखं पाणी. लोक कठड्याला रेलून फोटो काढत होते.

"बाबा, अहो त्या डोंगराकडे बघा ना. त्यासाठी आलोय आपण."

"बघितला. चांगला हाय. डोंगर कुठं पळतोय?" म्हणून ते परत खाली, मागच्या दाराकडे बघायला लागले.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा जर्मनीत श्टुटगार्टला एका यंत्रांच्या कारखान्यात दोन वर्षांच्या करारावर होते. वय तेहतीस, लग्न जमता जमता राहिलेलं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, म्हणून उन्हाळ्यात बाबांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं आणि जुलैतल्या आठ दिवसांच्या सुट्टीत ग्रीसची बेटं दाखवायला आणलं. एका बेटावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, अशी भटकंती. आमच्या कंपनीतले लोक यासाठी वर्षभर पैसे साठवतात. कुणाला सूर्यास्त बघायचा असतो, कुणाला समुद्रात डुंबायचं असतं. माझ्या तीर्थरूपांना मात्र बोट धक्क्याला कशी लागते ते बघायचं होतं.

बाबा म्हणजे महादेव धोंडू शिगवण, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, देवरुख डेपो. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी मुक्कामी गाड्यांवर. संध्याकाळी गाडी घेऊन एखाद्या आडगावी जायचं, तिथंच देवळात पथारी टाकायची आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचं. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात काळ्या दोरीची पितळी शिट्टी असायचीच. विमानतळावर तपासणीच्या बाईने ती उचलून "हे काय?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी मला फर्मावलं, "सांग तिला, ड्युटीची हाय."

पहिल्या बेटावरच ते या बोटींच्या प्रेमात पडले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आज वाटत नाही. चार मजली धूड बंदरात शिरतं, जागच्या जागी गर्रकन वळतं आणि पाठमोरं धक्क्याकडे येतं. टेकायच्या आधीच मागचं भलंमोठं लोखंडी दार खाली यायला लागतं. दार दगडावर घासतं न घासतं तोच माणसं, मोटारी, ट्रक, मोटारसायकली, सगळ्यांची एकदम ये-जा. पाच-सहा मिनिटांत दार वर आणि बोट पसार.

"एवढी मोठी वस्तू रिव्हर्समध्ये लावतात!" बाबा म्हणायचे. "तो बघ, दारात वॉकीटॉकी घेऊन उभा हाय तो. तो कंडक्टर. वरचा कॅप्टन म्हणजे नुसता ड्रायव्हर. मागं माणूस चांगला असंल तर डोळे मिटून गाडी मागं घेता येते." एका बेटावर त्या वॉकीटॉकीवाल्या खलाशाला त्यांनी रीतसर सलाम ठोकला. त्यानेही हसून ठोकला.

मी हसत होते खरी, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझ्या पर्समध्ये दोन कागद होते. एक कंपनीचं पत्र: नोकरी कायम करतो, सोमवारपर्यंत होकार कळवा. दुसरा पुण्याच्या एका ज्येष्ठ नागरिक निवासाचा अर्ज. नर्स आहे, जेवणखाण आहे, बागही आहे. आदल्या पावसाळ्यात बाबा मागीलदारच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. मला कळलं महिन्याने, तेही प्लास्टर निघाल्यावर, शेजारच्या गोसावीकाकूंकडून. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला आता देवरुखला एकटं ठेवायचं नाही. ते पुण्याला गेले तर मी जर्मनीत राहणार, नाहीतर गाशा गुंडाळून परत. अर्ज मी सगळा भरून ठेवला होता. फक्त एक रकाना आणि त्यांची सही बाकी होती.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मी विषय काढला. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सुट्टी संपायच्या आत सांगतो." त्यानंतर चकार शब्द नाही. पाच दिवस मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते घड्याळाकडे.

बारा वाजत आले तसं सिफनोस दिसू लागलं. आम्हाला पुढच्या, शेवटच्या बेटावर जायचं होतं, मिलोसला. तिथले चुन्यासारखे पांढरे कडे बघायचे म्हणून मी महिनाभर आधी खोली ठरवली होती. सिफनोसला नुसता थांबा होता.

"मी खाली जाऊन बघतो," बाबा उठत म्हणाले. "तू सामान सांभाळ."

"बघा, पण उतरू नका."

"उतरायला मी काय पॅसेंजर हाय?"

मी वरच्या मजल्यावरून मागच्या कठड्याला येऊन उभी राहिले. दार पडलं, माणसं उतरली, माणसं चढली. शेवटी एक छोटा ट्रक उरला. त्यात गवतात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यांची उतरंड रचलेली. ट्रक मागे घेत बोटीत शिरायचा होता. चालवणारी पोरगी विशीतली असेल. दोनदा तिने प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ट्रक तिरका गेला. खलाशी पलीकडे मोटारसायकलींच्या गुंत्यात अडकलेला. आता तिसऱ्यांदा भांडी फुटणार, असं मला वाटतंय तेवढ्यात शिट्टी ऐकू आली.

ती शिट्टी मी हजारात ओळखेन. एक लांब, दोन तोकड्या. बाबा धक्क्यावर उतरले होते. ट्रकच्या डाव्या अंगाला, ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा बेताने उभे राहून, पंजा हलवत खणखणीत मराठीत सांगत होते, "येऊ दे, येऊ दे... उजवी मार... अजून... सरळ कर... येऊ दे... बास!" ट्रक सुतासारखा सरळ आत गेला. आत शिरता शिरता ट्रकच्या अंगावर बाबांनी दोन थापा मारल्या. पोरीने खिडकीतून हात बाहेर काढून अंगठा दाखवला. मला इतकं हसू आलं, इतकं कौतुक वाटलं की मी फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे.

मग बाबांनी तेच केलं जे चौतीस वर्षं दर थांब्यावर केलं होतं. कुणी राहिलं तर नाही ना, हे बघायला धक्क्याकडे वळले. दूरवरून काळे कपडे घातलेली एक म्हातारी हातात कसलीशी पाटी घेऊन लगबगीने येत होती. बाबांनी बोटीकडे हात वर केला, 'थांब!' आणि तिच्या हातातलं ओझं घ्यायला चार पावलं पुढे गेले.

एस.टी.त एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. कंडक्टर खाली आणि गाडी सुटली, असं उभ्या महाराष्ट्रात कुणी ऐकलं नसेल. बाबांनी डबल बेल दिली नव्हती. पण लोखंडी दार उचललं गेलं, पाण्याला उकळी फुटली आणि बोट सुटली.

मी "बाबा!" म्हणून जी किंकाळी फोडली, तिने सगळा मजला माझ्याकडे वळला. बाबा धक्क्यावर उभे. वर केलेला हात तसाच. मग तो हळूहळू खाली आला. ते धावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी घड्याळात पाहिलं.

पुढचे चार तास कसे गेले ते मला विचारू नका. त्यांचा पासपोर्ट माझ्याकडे, फोन माझ्याकडे. दुपारच्या जेवणानंतरची रक्तदाबाची गोळी तेवढी त्यांच्या खिशात. इंग्रजी येतं ते 'टिकेट', 'चेंज' आणि 'नो स्टँडिंग' एवढंच. मी धावत चौकशीच्या खिडकीशी गेले. तिथल्या गणवेशातल्या बाईने माझं सगळं ऐकून घेतलं.

"बोट मागे वळवता येत नाही," ती म्हणाली. "पण बंदरावरच्या पोलिसांना कळवते. काय घातलंय त्यांनी?"

"पांढरा शर्ट, तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर. गळ्यात शिट्टी."

"जुलैत स्वेटर?"

"हो," मी म्हटलं आणि रडायला लागले.

अर्ध्या तासाने तिने मला बोलावलं. "सापडले. तब्येत ठीक आहे. पण एक अडचण आहे. पोलीस त्यांना सावलीत, ऑफिसात चला म्हणताहेत, तर ते जागचे हलायला तयार नाहीत. जिथे उतरले तिथेच उभे आहेत. हाताने नको नको म्हणतात." तिने जरा थांबून विचारलं, "त्यांना विसरण्याचा आजार वगैरे आहे का?"

आजार नव्हता. पण त्या क्षणी मला वाटलं, असेल. मला कळवलं नसेल. जे मनगटाचं केलं तेच याचंही. भर उन्हात परक्या धक्क्यावर भांबावून उभे असलेले बाबा मला डोळ्यांसमोर दिसले आणि माझी उरलीसुरली शंका फिटली. मी बाकावर बसले, पर्समधून अर्ज काढला. एक रकाना बाकी होता: 'अर्जदार एकटे राहू शकतात का?' मी 'नाही'वर खूण केली. पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडायचं बाकी राहिलं.

खिडकीतल्या बाईने सांगितलं होतं की हीच बोट मिलोसहून उलटी फिरते आणि सव्वाचारला सिफनोसला लागते. तेव्हा मी उतरलेच नाही. मिलोसचे पांढरे कडे मी बघितले ते बोटीच्या कठड्यावरून, दहा मिनिटं, आणि तेही दिसले नाहीत म्हटलं तरी चालेल. इतक्या वर्षांत पुन्हा जाणं झालेलं नाही.

सव्वाचारला बोट सिफनोसला पाठमोरी वळली. मी खाली, दाराच्या अगदी तोंडाशी जाऊन उभी राहिले होते. दार खाली यायला लागलं तशी आधी आकाशाची फट दिसली, मग डोंगर, मग धक्का. सावलीतल्या बाकांवर नजर फिरवली. बाबा नव्हते. 

आणि शिट्टी वाजली. एक लांब, दोन तोकड्या.

बोटीने जिथे सोडलं होतं त्याच जागी बाबा उभे होते. त्यांच्या समोर जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यालगत चढणाऱ्या लोकांची रांग होती. रांग! पाच दिवस मी ग्रीसच्या बंदरांवर हिंडत होते, नुसती झुंबड बघितली होती. पुढे लेकुरवाळ्या बायका, मग म्हातारे, मग पाठीवर पिशव्या घेतलेली तरणी पोरं. बंदराचा पोलीस आपल्या स्कूटरवर रेलून कॉफी पीत हे बघत होता. ती काळ्या कपड्यांतली म्हातारी उलट्या पेटाऱ्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर बाबांचा स्वेटर, नीट घडी घातलेला.

"बाबा!" मी पुढे झेपावले.

"उतरू नको!" त्यांनी तिथूनच हात केला. "बोट पाचच मिनिटं थांबते. मी येतो." आणि रांगेकडे वळून, "पहिलं उतरू द्या! उतरणारे आधी!"

लोक थांबले. मराठी कुणाच्या बापाला कळत नव्हतं, पण थांबले. उतरणारे उतरले, मग रांग आत आली, कुणाचा धक्का कुणाला लागला नाही. वॉकीटॉकीवाला खलाशी तोंड उघडं टाकून बघत होता. म्हातारीने स्वेटर दिला, ओंजळीतलं काहीतरी बाबांच्या खिशात ओतलं आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं. सगळ्यांत शेवटी बाबांनी धक्क्याकडे एकदा वळून पाहिलं, कुणी राहिलं नाही याची खात्री केली, आणि चढले.

मी त्यांना मिठी मारली आणि त्याच दमात भांडायला लागले. "का हलला नाहीत तिथून? पोलीस सावलीत बसवत होते ना? वेड लागलंय असं वाटलं त्यांना! मलाही वाटलं!"

"वैजू, चुकलेल्या पॅसेंजरनं थांबा सोडायचा नाय," बाबा म्हणाले. एखाद्या पोराला पाढा सांगावा तसे. "घरचं माणूस शोधायला येतं ते थांब्यावरच येतं. आपण इकडं तिकडं गेलो की दोघं एकमेकांना हुडकत बसतात. हजार जणांना सांगितलंय मी हे. आज माझ्यावर वेळ आली तर मीच मोडू?"

"आणि मी येणार हे तुम्हाला काय माहीत?"

"तिथं फळा हाय की वेळापत्रकाचा. अक्षरं त्यांची, पण आकडे तर तेच. ह्याच बोटीचं चित्र, बारा वाजता खाली, सव्वाचारला वर. म्हटलं, मुक्कामी गाडीसारखंच हाय. जी गाडी जाते तीच परत येते." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मला फिकीर तुझी होती. पोर एकटी बोटीत. तिला कोण सांगणार, घाबरू नको, गाडी परत जातेय म्हणून?"

 "जेवलात?" मी विचारलं.

"त्या बाईनं आणून दिलं. ती बोटीला आलीच नव्हती. पाटीवर खोलीचं चित्र होतं, खोली भाड्यानं देते बिचारी, गिऱ्हाईक बघायला आलेली. माझ्यामुळं तिची बोट चुकली असं समजून मी माफी मागत होतो, आणि तिच्यामुळं माझी चुकली म्हणून ती रडत होती." बाबा हसले. "काबुली चण्यांची उसळ घेऊन आली डबाभर. मसाला नाय, पण शिजलेले असे, की दातांचं काम नाय. मग गोळी घेतली. तिनं नवऱ्याचा फोटो दाखवला, मी पाकिटातला तुझ्या आईचा. दोघं बसलो जरा वेळ."

आम्ही वर येऊन कठड्याशी बसलो. मिलोसच्या खोलीवर पाणी सोडलं; बोट आता जिथून निघालो होतो त्या मोठ्या बंदराकडे परत चालली होती. ऊन कलतं झालं होतं, आणि सिफनोस हळूहळू लहान होत होतं. मी त्या बेटाकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. चार तास ज्याला मी भांबावलेला म्हातारा समजत होते, तो तिथे उभ्या जन्माचं शहाणपण घेऊन निवांत उभा होता. भांबावलेली मी होते.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "तो कागद दे."

"कुठला?"

"पुण्याचा. सही करतो. आज चुकलो म्हणून नाय. मी कालच ठरवलं होतं. माझ्या पायात तुझी नोकरी अडकायला नको."

त्यांनी हात पुढे केला, मी अर्ज दिला. तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल तपासावं तसा त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. त्या रकान्याशी त्यांची नजर थांबली. माझी ती खूण त्यांनी अंगठ्याने एकदा चाचपली. 

"पेन?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातून अर्ज ओढून घेतला. "खिशात काय आहे ते दाखवा आधी. म्हातारीने काय दिलं?"

"फुटाणे. आपल्यासारखेच भाजलेले, जरा खारट."

मी अर्ज मधोमध धरला, गुंडाळला, खालचं टोक दुमडलं आणि स्टँडवर शेंगदाणेवाला देतो तसा कागदाचा कोन केला. "ओता."

"अगो, फॉर्मचा सत्यानाश केलास की!"

"केला. ओता."

त्यांनी खिसा उलटा केला. आम्ही दोघं फुटाणे खात बसलो. समोर सेरिफोसचा डोंगर परत आला होता, माथ्यावरच्या पांढऱ्या घरांसकट, कुठे न पळता.

"मग सोमवारी काय कळवणार?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही देवरुखला एकटे राहाल?"

"राहतोयच की." मग जरा घुटमळून, समुद्राकडे बघत म्हणाले, "आणि पडलो तर त्याच दिवशी कळवीन. महिन्यानं नाय. ते माझं चुकलं होतं."

त्यांनी तो शब्द पाळला, हे इथेच सांगून टाकते. पुढे अकरा वर्षं ते देवरुखला एकटे राहिले. दोनदा पडले, आणि दोन्ही वेळा तासाभरात माझा फोन वाजला. गेले तेही आपल्याच घरात, सकाळचा चहा पिऊन, गोसावीकाकूंशी गाडीच्या वेळेवरून वाद घालता घालता.

पण त्या संध्याकाळी हे काही मला माहीत नव्हतं. बोट सेरिफोसला पाठमोरी लागली. माणसं उतरली, माणसं चढली. बाबा कठड्यावरून वाकून सगळं बघत होते. धक्का रिकामा झाला तरी बघत होते.

"बाबा," मी विचारलं, "मग मी राहू इकडे?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवली. मग गळ्यातली पितळी शिट्टी काढली आणि लोखंडी कठड्यावर दोनदा ठोकली.

टण. टण.

बोट सुटली.